शुद्ध अरबी

मुळशीतल्या रिहे गावात खोली भाड्याने बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला गाव, आडनाव, लग्न, खाणंपिणं यांतलं काहीच विचारलं नाही. पडवीतल्या खुर्चीवर ताठ बसून, खिशाला लावलेलं लाल पेन चाचपत त्यांनी एकच प्रश्न टाकला.

"हिंजवडीत आपण नेमकं काय करता?"

मी सांगितलं, मोबाइलवरची ॲपं तपासते. वेगवेगळ्या भाषांमध्ये ती नीट दिसतात का, ते बघायचं. सध्या एक अरबी ॲप तपासून राहिली आहे.

"तपासून राहिली आहे, की तपासते आहे?"

मी अकोल्याची. आमच्याकडे सगळे सगळंच करून राहिलेले असतात. पण खोलीची गरज होती. "तपासते आहे," मी म्हणाले.

"म्हणजे आपल्याला अरबी येते."

"नाही हो. उलटीकडून लिहितात, एवढंच माहीत आहे."

"उलटीकडून नाही, उजवीकडून. उलटीकडून आपण लिहितो, असं तेही म्हणू शकतात." आणि आत तोंड करून त्यांनी आवाज दिला, "अहो, ऐकलंत का? खोली दिली!"

आतून उत्तर आलं, "दिली तर दिली. नळाला पानी कवा येतं त्ये बी सांगा."

त्या काकू. आणि हे गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले. खिशाला कायम दोन पेनं. निळं स्वतः लिहायला आणि लाल दुसऱ्यांनी लिहिलेलं दुरुस्त करायला. निळ्याची रिफील वर्षभर पुरायची, लाल महिन्यात संपायची. घरी लग्नपत्रिका आली की आधी ती तपासून व्हायची, आणि मग लग्नाला जायचं की नाही ते ठरायचं. रस्त्याकडेच्या एका शेतकऱ्याने फार्महाउसवाल्या गिऱ्हाइकांसाठी पाटी लावली होती, 'हितं इंद्रायणी तांदूळ मिळंल'. गुरुजींनी फिरायला जाताना खडूने 'हितं'चं 'येथे' केलं. शेतकऱ्याने पुसून पुन्हा 'हितं' केलं. असं पंधरा दिवस चाललं. सोळाव्या दिवशी शेतकऱ्याने सगळीच अक्षरं पुसून तिथे तांदळाच्या पोत्याचं चित्र काढलं. गुरुजी ते चित्र बराच वेळ बघत उभे राहिले. त्यात त्यांना दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

सकाळी बुद्धवंदना म्हणताना पालीतला एकेक अनुस्वार जागच्या जागी. जेवताना 'भाकर' नाही, 'भाकरी'. काकू मात्र पक्क्या मावळातल्या आणि पस्तीस-चाळीस वर्षांच्या संसारात एका अक्षराने हललेल्या नव्हत्या.

"चा घेता का?" त्या विचारायच्या.

"चहा."

"चहा घ्या न्हाईतर चा घ्या, दूध येकच हाय."

अशा माणसाला अरबीची ओढ लागली ती गच्चीवरच्या खोलीमुळे. तिथे यासिर राहायचा. येमेनचा. लवळ्याच्या एका कॉलेजात फार्मसी शिकत होता. मी यायच्या आधी एक वर्ष तो तिथे होता. दर शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल यायचा, आणि मुलाशी बोलून झालं की ती माउली "घरमालकांना दे" म्हणायची. यासिर फोन घेऊन खाली यायचा. गुरुजी सदरा ठीक करून फोनसमोर बसायचे. ती दहा-दहा मिनिटं बोलायची. हात हलवायची, डोळे पुसायची, मध्येच हसायची. गुरुजी मान डोलवायचे. शेवटी ते यासिरकडे वळून विचारायचे, "काय म्हणाल्या?"

यासिर म्हणायचा, "अम्मी बोलती है, थँक्यू."

वर्षभर गुरुजींनी ते ऐकून घेतलं. मग एकदा मला म्हणाले, "दहा मिनिटांच्या मजकुराचं भाषांतर एका शब्दात होत नसतं. काहीतरी गाळलं जात आहे. मी छत्तीस वर्षं भाषा शिकवली, आणि एक बाई माझ्याशी मनापासून बोलते आहे ते मला मुलाच्या मेहेरबानीवर समजून घ्यावं लागतं."

आणि त्यांनी अरबी शिकायचं ठरवलं. वय वर्षं सहासष्ट.

आता शिकायची तर चांगल्या साधनांनी, यावर ते ठाम होते. बाजारात मिळेल ते पुस्तक उचलणाऱ्यांपैकी ते नव्हते. मी इंटरनेटवरून शोधायचं, छापून आणायचं किंवा त्यांच्या फोनवर उतरवून द्यायचं, आणि त्यांनी परीक्षा घ्यायची. अभ्यासाची नव्हे, साधनांची! त्यासाठी त्यांनी शाळेतली एक जुनी कोरी निकालपत्रकांची गठडी काढली. विद्यार्थ्याचं नाव या रकान्यात पुस्तकाचं नाव, आणि खाली विषयवार गुण.

पहिला विद्यार्थी होता फोनवरचं एक फुकट ॲप. तीन आठवड्यांत त्याने गुरुजींना 'बदक पाणी पिते', 'उंच शेजारी सफरचंद खातो' आणि 'तुझा उंट सुंदर आहे' ही वाक्यं शिकवली. शिवाय एक दिवस चुकला की ते ॲप रडका चेहरा दाखवायचं. गुरुजींनी लिहिलं, 'प्राण्यांविषयी पुष्कळ ज्ञान, माणसांविषयी शून्य. शिक्षकाने रडू नये. अनुत्तीर्ण.'

दुसरं होतं एका जुन्या इंग्रजी पुस्तकाची छापील प्रत, कुठल्यातरी लष्करी साहेबासाठी लिहिलेली. त्यात 'माझा घोडा आण', 'त्या माणसाला धरा' आणि 'विहीर कुठे आहे, खरं सांग' असे धडे होते. शेरा पडला, 'व्याकरण उत्तम. वर्तणूक वाईट.'

तिसरं पुस्तक गावातल्या एका इलेक्ट्रिशियनने दिलं, जो आखातात आठ वर्षं राहून आला होता. हिंदीतलं पातळ, तेलकट डागांचं पुस्तक. 'पाणी नाही.' 'फोरमन कुठे आहे?' 'मी आजारी आहे.' 'माझा पासपोर्ट द्या.' गुरुजींनी ते एका बैठकीत वाचलं. त्याला त्यांनी पहिला वर्ग दिला. शेऱ्यात लिहिलं, 'शुद्धलेखनाच्या एकशे चार चुका. तरीही या पुस्तकात माणूस राहतो.'

पण त्यांनी स्वतःसाठी निवडला तो बातम्यांच्या अरबीचा एक अभ्यासक्रम. टायवाला निवेदक, एकेक शब्द घासून-पुसून ठेवलेला. अरबांची ही पुस्तकी भाषा, फुस्हा, सगळ्या देशांत एकच असते, शाळेत शिकवतात, वर्तमानपत्रात छापतात, असं कळल्यावर गुरुजींना आपली हरवलेली सख्खी बहीण भेटल्यासारखं झालं.

"बघा," ते मला म्हणाले, "इतके देश, पण शुद्ध भाषा एक!"

मग सुरू झाला उच्चारांचा सराव. अरबीत एक अक्षर आहे, ते घशाच्या तळातून काढावं लागतं. पहाटे भाताच्या खाचराच्या बांधावर उभे राहून गुरुजी ते काढायचे. ऐन लावणीचे दिवस. खाचरातल्या बायका हातातला रोपांचा आवा तसाच धरून बघत राहायच्या. दोन दिवसांत गावभर झालं की गुरुजींच्या घशात काहीतरी अडकलंय. काकूंनी अडुळशाचा काढा केला. गुरुजी म्हणाले, हा आजार नाही, अक्षर आहे.

"आक्षर हाय तर बाहेर काढा की येकदाचं," काकू म्हणाल्या. "समदी गावकी इचारतीया मला, गुरुजींना दावलं का डागदरला."

शिकायला लागून चार महिने झाल्यावर गुरुजींनी जाहीर केलं की आता प्रात्यक्षिक. मी सुट्टीच्या दिवशी त्यांना स्कूटीवर बसवून लवळ्याला नेलं. कॉलेजच्या फाटकाबाहेर रिक्षा थांबतात तिथे चहाची टपरी आहे आणि तिथे चार-पाच अरब विद्यार्थी कायम असतात. यासिर परीक्षेमुळे खोलीवरच होता. गुरुजी त्या मुलांसमोर उभे राहिले, सदऱ्याची बाही खाली ओढली, आणि बुलंद आवाजात त्यांनी सुरुवात केली. नंतर त्यांनीच मला अर्थ सांगितला. 'हे आदरणीय तरुणांनो, आपणांवर शांती असो. आजचे हवामान समाधानकारक आहे. आपल्या दोन देशांमधील मैत्रीपूर्ण संबंधांविषयी मी आनंद व्यक्त करतो.'

मुलं आधी एकमेकांकडे बघू लागली. मग एकाच्या तोंडातून चहा उडाला. मग सगळे एकदम हसले. वाईट हसले नाहीत, प्रेमाने हसले, एकाने तर गुरुजींचे हातच धरले. तो सुदानचा होता, मोडक्या हिंदीत मला म्हणाला, "दीदी, सर बहुत अच्छा बोलता है. लेकिन जैसे बच्चों का कार्टून बोलता है, वैसा."

त्यांच्याकडे लहान मुलांची कार्टूनं याच शुद्ध भाषेत असतात म्हणे. टीव्हीतला शूर ससा जे बोलतो, ते गुरुजी बोलले होते.

"मग तुम्ही घरी काय बोलता?" गुरुजींनी विचारलं.

त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि तिथे गुरुजींचा जीव अर्धा झाला. 'आत्ता' हा एक शब्द घ्या. पुस्तकात 'अल्आन'. इजिप्तचा मुलगा म्हणाला 'दिलवक्ती'. सीरियाचा म्हणाला 'हल्ला'. सुदानचा म्हणाला 'हस्सा'. येमेनमध्ये 'ज़लहीन' म्हणतात, असं तिघांनी मिळून सांगितलं.

"एका 'आत्ता'ला पाच शब्द!" परत येताना गुरुजी स्कूटीवर मागून ओरडत होते. "यांच्या शाळांमध्ये गुरुजी नसतात काय?"

घोटावडे मागे पडेपर्यंत ते शांत झाले. मग अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "मला हसलेलं चालत नाही. आपल्याला ठाऊक नसेल. पुण्यात कॉलेजला गेलो, पहिल्या दिवशी प्राध्यापकांनी विचारलं, रिहे कुठे आहे? मी म्हणालो, 'मुळशीत हाय.' अख्खा वर्ग हसला. आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेला मी पहिला. त्या दिवशी ठरवलं, आपल्या शाळेतल्या एकाही मुलावर ही पाळी येऊ द्यायची नाही. बोलीचा एक कण ठेवायचा नाही तोंडात."

मलाही पुण्यात 'येऊन राहिली' म्हटल्यावर हसले होते. मी ते बोलणं सोडलं नव्हतं, फक्त घरच्या फोनपुरतं ठेवलं होतं.

त्या प्रसंगानंतर गुरुजींनी तडजोड केली. बोलीच शिकायची तर निदान सगळ्यांत जास्त लोकांना कळते ती. इजिप्तच्या मालिका सगळीकडे बघतात, म्हणून इजिप्तची. मी त्यांना व्हिडिओ शोधून दिले. त्यात 'माशी' हा शब्द सारखा यायचा. माशी म्हणजे ठीक, बरं, चालेल. गुरुजींना तो फार आवडला. लक्षात ठेवायला सोपा. काकूंनी जेवायला हाक मारली की "माशी", मी कामाला निघाले की "माशी". काकू दोन दिवस झाडू घेऊन माशी शोधत होत्या.

आणि तीच माशी शिंकली.

पाऊस ओसरल्यावर यासिरला डेंगी झाला. पिरंगुटच्या एका खासगी दवाखान्यात ठेवलं. काकूंनी दोन वेळचा डबा सुरू केला, मी आणि गुरुजी आळीपाळीने जायचो. प्लेटलेट उतरल्या होत्या, पण तिसऱ्या दिवशी चढायला लागल्या आणि डॉक्टर म्हणाले, धोका टळला. त्या संध्याकाळी यासिरला गाढ झोप लागली होती, फोन बंद पडला होता. त्याच्या आईने घाबरून गुरुजींच्या नंबरवर फोन लावला.

मी शेजारीच होते. फोन स्पीकरवर होता. तिच्या वाक्यातला एक शब्द गुरुजींनी बरोब्बर पकडला. 'अहसन', म्हणजे 'जास्त बरा'. ती विचारत होती, यासिर बरा आहे का आता? गुरुजींचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तिचा प्रश्न थेट कळला होता. खुर्चीतून उठून ते आनंदाने ओरडले, "माशी! माशी! यासिर माशी!"

पलीकडून किंकाळी आली. मग कुणीतरी पडल्याचा आवाज. मग फोन कट.

येमेनमध्ये माशी म्हणजे नाही, हे आम्हाला नंतर यासिरकडून कळलं. 'यासिर माशी' म्हणजे यासिर नाही. यासिर उरला नाही.

पुढचा तासभर मी कधी विसरणार नाही. गुरुजींच्या फोनवर तीन देशांतून फोन यायला लागले. मामा, काका, कुठल्यातरी शहरातला थोरला भाऊ. गुरुजी प्रत्येकाला तेच सांगत होते, अधिक जोराने. मी फोन हिसकावून बंद केला. आम्ही दवाखान्यात धावलो, यासिरला उठवलं, माझ्या फोनवरून त्याला आईसमोर धरलं. हातात सलाइन, केस उभे, तो नुसता "अम्मी, अम्मी" करत होता. तिने त्याला पाच वेळा तोंड डावीकडे-उजवीकडे करायला लावलं, जिवंत आहे याची खात्री करून घ्यायला.

गुरुजी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले होते. लाल पेन खिशातून काढून हातात धरलं होतं आणि त्याचं टोपण घालत-काढत होते.

"एका आईला मी तिचा मुलगा गेला म्हणून सांगितलं," ते म्हणाले. "आनंदाने सांगितलं."

यासिरने आतून हाक मारली. तो हसत होता, अशक्त असल्याने त्याला खोकला येत होता. "गुरुजी, टेन्शन नहीं. आपको यमनी सीखना है ना? तो वो मेसवाली आंटी के पास जाओ. सुमन आंटी. मेरी अम्मी उसके साथ आधा घंटा बात करती है."

"कोण आंटी?"

"लवळे में. हम सब उधर खाना खाते हैं."

मला वाटलं कुणी तिकडे राहून आलेली बाई असेल. पुढच्या रविवारी आम्ही गेलो. चढावर पत्र्याची शेड, आठ बाकं, मागे दोन मोठ्या शेगड्या. जेवणाची वेळ होती. चाळिशीच्या आसपासची एक बाई पदर खोचून पळी घेऊन उभी होती आणि समोरच्या रांगेवर ओरडत होती. येमेनचा एक मुलगा पुढे आला, त्याला म्हणाली, "ऐश तिश्ती? भात का चपाती?" त्याच्या मागचा, तो टपरीवरचा सुदानचा. "दायिर शिनू? वरन संपलंय, रस्सा घे." त्याच्या मागचा सीरियाचा. "शू बद्दक रं? आन कालचा डबा कुटं हाय माजा?"

मी तिथेच हसत सुटले. तीनही वाक्यांत ती 'तुला काय पाहिजे' एवढंच विचारत होती, पण ज्याला त्याला त्याच्या घरच्या भाषेत. जगातल्या कुठल्या पुस्तकात हे शेजारी शेजारी छापलेलं नव्हतं. मी शोधलं होतं, मला माहीत होतं.

तिने मान वर केली, गुरुजींना बघितलं, आणि तिच्या हातातली पळी थांबली. पदर डोक्यावर गेला.

"गुरुजी, तुमी हितं?"

गुरुजींनी ओळखलं नाही. त्यांच्या हाताखालून हजारो पोरं गेली होती. तिने सांगितलं, रिह्याचीच, माहेरचं नाव अमुक, शाळेमागे घर होतं. जमीन विकल्यावर नवऱ्याने ही मेस घातली, आता तीच बघते, आणि अरबी जेवायला येणाऱ्या पोरांकडूनच ऐकून ऐकून आली. गुरुजींनी येण्याचं कारण सांगितलं. अरबी शिकायची आहे.

ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "मी काय शिकिवनार गुरुजी? मी सहावीतनं शाळा सोडल्याली बाई. माजं समदंच अशुद्ध. मराठी बी आन ह्ये बी."

"शाळा का सोडलीस?"

तिने भांड्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "तुमच्या ध्यानात न्हाई. पंधरा आगस्टला तुमी मला भाषान दिलं हुतं. मी पाठ केल्यालं. उभी ऱ्हायले आन म्हनले, 'आमी समदी'. तुमी म्हनला, 'आम्ही सगळे'. मी परत म्हनले, 'आमी समदी'. तुमी परत थांबिवलं. तिसऱ्यांदा बी तसंच झालं. पोरं लागली हसाया. मी खाली उतारले आन घरी ग्येले. दुसऱ्या दिसापासनं आयसंगं भातातलं गवात बेनाया. बा म्हनला, बरं झालं."

आठ बाकांवर मुलं जेवत होती. कुणाला काही कळत नव्हतं. गुरुजींचा चेहरा मी त्या आधी आणि नंतरही तसा कधी पाहिला नाही. मला वाटलं आता ते पुण्याच्या कॉलेजची गोष्ट सांगतील. त्यांनी तोंड उघडलंही. पण ती गोष्ट सांगितली नाही.

"ते भाषण आठवतं तुला?"

"आठवतं की. येवढ्या वर्सात कुनाला म्हनूनच दावलं न्हाई, तर इसरंल कसं?"

"म्हण."

"आत्ता? हितं?"

"मी थांबवणार नाही."

तिने पळी भांड्यात ठेवली. मग पदर सारखा करून, सहावीतल्या मुलीसारखे दोन्ही हात सरळ खाली सोडून ती उभी राहिली आणि एका दमात म्हणाली.

"आदरनीय गुरुजी आन माज्या भावाबहिनींनो! आमी समदी हितं झेंड्याला सलाम कराया जमलोय. ह्यो झेंडा आमचा हाय. ह्ये गाव आमचं हाय. आमी लई शिकनार हाय आन मोटं झाल्यावर दूरदूरच्या मान्सांस्नी आमच्या गावाची वळख करून देनार हाय. येवढं बोलून मी माजं दोन शबुद संपिवते. जय हिंद!"

शेडमधली मुलं जेवायची थांबली होती. सुदानच्या मुलाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. सीरियाच्याने शिट्टी मारली. सुमनताईंनी तोंडावर पदर घेतला, हसताहेत की रडताहेत कळेना.

गुरुजी टाळ्या वाजवत नव्हते. ते उठून उभे राहिले होते. "एकही चूक नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान झाला होता की मला वाकून ऐकावा लागला. "चूक माझी होती, सुमन."

"जाऊ द्या गुरुजी," ती म्हणाली. "बसा. जेवा. मंग बगू तुमचं आरबी."

तिने त्यांना विद्यार्थी म्हणून घेतलं आणि सांगते, कुठल्याही गुरुजीपेक्षा कडक निघाली. वही चालणार नाही. पेन चालणार नाही. लसूण सोलत बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचं. गुरुजी सवयीने 'कैफ हालुकि' असं पुस्तकी हालहवाल विचारायला गेले की ती लसणाची पाकळी उगारायची. "हालुकि न्हाई. बाईमानसाला 'हालिश' म्हनायचं. हा-लिश. तुमी काय बातम्या सांगाया आलाय का?" आठवड्यातून तीन दुपारी ते जायचे. काकू म्हणायच्या, घरात येक लसून सोलला न्हाई कवा, आन तिकडं किलोकिलोनं सोलत्यात.

यासिर बरा होऊन घरी आल्यावर दोन महिन्यांनी, एका शुक्रवारी, गुरुजी पुन्हा फोनसमोर बसले. माशीच्या प्रकरणापासून ते टाळत होते. यासिर शेजारी, मी आणि काकू मागे. आई दिसली. गुरुजी म्हणाले, "कैफ हालिश, या उम्म यासिर?" यासिरची आई, तू कशी आहेस?

तिने तोंडावर हात ठेवला. मग मागे वळून घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या. पडद्यावर सात-आठ डोकी जमली. ती बोलायला लागली, नेहमीसारखी, हात हलवत, डोळे पुसत. गुरुजी पुढे वाकून ऐकत होते. मध्येच त्यांनी यासिरकडे बघितलं, आणि यासिरने खाली मान घातली.

"ही दर वेळी हेच विचारते?" गुरुजींनी त्याला विचारलं.

यासिरने फोन घ्यायला हात पुढे केला.

ती विचारत होती, माझा मुलगा रडतो का? मला तो सांगत नाही. तुम्ही त्याच्या छताखालचे, तुम्हाला ऐकू येत असेल. तो रडतो का?

इतके दिवस 'थँक्यू' म्हणून यासिरने जे गाळलं होतं ते हे होतं.

गुरुजींनी वेळ घेतला. ओठ हलवून शब्द जुळवले. मग सावकाश म्हणाले, "अव्वल शहर यिबकी. ज़लहीन यिदहक." पहिला महिना रडायचा. आत्ता हसतो.

"गुरुजी!" यासिर ओरडला. "क्यूँ बोला उसको!"

"कारण तिने मला विचारलं होतं."

तिकडे ती रडत होती, पण मान हलवत होती, आणि सारखा एकच शब्द म्हणत होती. तो मला पुढे कळला, 'खरं बोललात' असा काहीतरी. मग काकूंनी पुढे होऊन फोन आपल्याकडे ओढला.

यासिर शिक्षण संपवून गेला त्याला आता दीड वर्ष झालं. तिकडे थोरल्या भावाच्या शहरात एका औषधाच्या दुकानात आहे. गच्चीवरच्या खोलीत दोन बिहारी इंजिनिअर आलेत. मीही पुढच्या महिन्यात नोकरी बदलून जाते आहे. पण शुक्रवारी फोन येतोच. आता तो काकूंना येतो.

काकू मावळातलं बोलतात, ती येमेनमधलं. त्यांनी एकमेकींची भाषा शिकायला कुठलीही साधनं शोधली नाहीत. फोन डब्यांच्या फळीला टेकवलेला असतो, काकू भाकरी थापत असतात, पलीकडे ती काहीतरी ढवळत असते. गेल्या शुक्रवारी मी कामावरून आले तर गुरुजी पडवीच्या पायरीवर बसले होते. आत हशा चालला होता. दुभाष्याची गरज पडलीच तर असावं, म्हणून ते हाकेच्या अंतरावर बसतात.

"पाऊण तास झाला," ते मला म्हणाले. "दोघींनाही व्याकरण म्हणून नाही. मघाशी मी आत जाऊन एक वाक्य समजावून द्यायला लागलो तर म्हणाल्या, 'कळलं मला, गप बसा.'"

"खरंच कळलं होतं?"

"हो ना! तेच तर." त्यांनी मान हलवली. "तिच्या सुनेला दिवस गेलेत. मला ते 'पोट दुखतंय' असं वाटलं होतं."

तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला. "अवो, या आत! ती इचारतीया, तुमी जेवला का म्हनून!"

गुरुजी झटकन उठले, सदऱ्याची बाही खाली ओढली, आणि घसा साफ करत आत गेले.